जुन्या चिठ्ठीवर औषध दिलं नाही, म्हणून मेडिकल बदलावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय 71. बीपी आणि शुगर जुनी, दोन वर्षांपासून झोपेची गोळीही चालू आहे. पाच वर्षं ओळखीच्या, घराजवळच्या मेडिकलवाल्याने या महिन्यात मागच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी द्यायला साफ नकार दिला, बीपीच्या गोळीसाठीही नवी चिठ्ठी आणा म्हणाला. दोन चौक पुढच्या दुकानात मात्र एक शब्द न विचारता सगळं मिळालं, वर 15 टक्के सूट. बीपीची गोळी तेवढी 'तीच आहे, फक्त कंपनी वेगळी' असं सांगून दिली. आता तुम्ही विचारताय की दुकान बदलावं का, आणि औषधाच्या दुकानाने नक्की काय केलं पाहिजे असं कायदा सांगतो.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. महाराष्ट्रात गेली 22 वर्षं काउंटरमागे उभी आहे, त्यातली 14 स्वतःच्या दुकानात. पाच वर्षांपासून येणाऱ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी मागितली की अपमान झाल्यासारखं वाटतं, हे मी रोज समोरच्याच्या चेहऱ्यावर बघते. त्यामुळे तुमचा राग समजतो. पण दुसऱ्या दुकानात तुमची सोय झाली. आईच्या औषधांकडे कुणी पाहिलं का, हा प्रश्न वेगळा आहे. माझं उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नाला धरून आहे.

आधी, परिस्थितीनुसार काय काय बदलतं ते सांगते. मी त्या दुकानदाराची बाजू ऐकलेली नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी किती दिवसांचं औषध लिहिलं होतं, हे तुम्ही सांगितलेलं नाही, आणि निम्मं उत्तर त्या एका ओळीत आहे. पंचक्रोशीत एकच दुकान असेल, रात्रीचे अकरा वाजले असतील, माणूस परगावी अडकला असेल, तर मार्ग वेगळा शोधावा लागतो. आणि औषध कोणतं आहे यावर तर सगळंच ठरतं. ॲसिडिटीची गोळी, बीपीची गोळी आणि झोपेची गोळी या तिन्हींना मी एकाच मापाने मोजत नाही. कायदाही मोजत नाही.

आपल्याकडे औषधविक्रीचा मूळ कायदा म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940, आणि त्याखाली 1945 साली केलेले नियम. किरकोळ दुकानाच्या परवान्याच्या अटी त्यातल्या नियम 65 मध्ये आहेत. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं, ज्याला आपण सगळे एफडीए म्हणतो. आईची बीपीची स्ट्रिप हातात घेऊन पाहा. एका बाजूला 'आरएक्स' असं चिन्ह आणि शेड्यूल एचचा, म्हणजे त्या नियमांतल्या चिठ्ठीवरच्या औषधांच्या यादीचा, इशारा छापलेला असेल. अशी औषधं नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या पुढची अट फारशी कुणाला माहीत नसते. चिठ्ठीवर एकदा औषध दिलं की त्या चिठ्ठीचं काम संपलं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं, आणि किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने ते लिहिलं असेल तर तेवढंच द्यायचं. औषध दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवरच, डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूला, स्वतःचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची. बहुतेक दुकानांत त्यासाठी शिक्का असतो. आईच्या जुन्या चिठ्ठीवर तो आहे का, बघा.

म्हणजे तुमच्या जुन्या दुकानदाराने नवा नियम शोधून काढलेला नाही. उलट प्रश्न असा पडतो की मग आधी इतकी वर्षं जुन्या चिठ्ठीवर औषध कसं मिळत होतं. खरं सांगायचं तर बहुतेक दुकानांत असंच चालतं. ओळख झाली की चिठ्ठी मागे पडते. माझ्याही हातून सुरुवातीच्या काळात हे झालंय. ते कशामुळे थांबलं, ते सांगते.

दुकान सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील. पन्नाशीच्या एक बाई आल्या. हातात स्ट्रिपचा रिकामा तुकडा. 'अशाच अजून आठ द्या,' म्हणाल्या. औषध होतं मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम, संधिवातासाठी. चिठ्ठी मागितली तर पर्समधून चार घड्या घातलेली निघाली, नऊ दिवसांपूर्वीची. डॉक्टरांनी आठ गोळ्या लिहिल्या होत्या, आठवड्यातून एक. म्हणजे त्या दोन महिने पुरायला हव्या होत्या. मी विचारलं, 'मावशी, संपल्या कशा?' 'रोज एक घेतली की!' बोलताना त्या तोंड फारसं उघडत नव्हत्या. दाखवायला सांगितलं, तर आत पांढरट फोड आणि जीभ लालबुंद. उन्हाने तोंड आलंय असं समजून त्या दोन दिवस गुलकंद खात होत्या.

मी गोळ्या दिल्या नाहीत. त्यांना आत खुर्चीवर बसवलं, चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे रिक्षा करून थेट हॉस्पिटलला पाठवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या. वेळेत उतारा मिळाला म्हणून दहा-बारा दिवसांत त्या सावरल्या. पहिल्या आठ गोळ्या जिथून घेतल्या, तिथे त्यांना 'आठवड्यातून एकदाच' हे दोन शब्द कुणी सांगितले नव्हते. तेव्हापासून माझ्या दुकानातून मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप मार्करने 'फक्त रविवारी' असं लिहिल्याशिवाय बाहेर जात नाही. वार रुग्ण ठरवतो, मी लिहिते आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेते. 'जुन्या चिठ्ठीवर पुन्हा नाही' या अटीचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला 'संपल्या कशा' हे विचारायची संधी त्यातून मिळते.

आता तुमच्या आईकडे येते. बीपीची गोळी वर्षानुवर्षं तीच असते, मग दरमहा डॉक्टरांकडे कशाला जायचं, ही तक्रार रास्त आहे. त्यावरचा उपाय सोपा आहे आणि पूर्ण कायदेशीर आहे. डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर 'दरमहा, सहा महिने' असं लिहून घ्या. स्थिर रुग्णाला बहुतेक डॉक्टर आनंदाने लिहून देतात, फक्त कुणी मागत नाही. मग त्याच एका कागदावर सहा महिने औषध मिळेल, दर खेपेला तारीख पडेल, आणि आईच्या गोळ्या वेळेआधी संपतात की मागे उरतात हे त्या तारखांवरून आम्हालाही कळेल. उरणाऱ्या गोळ्यांकडे मी जास्त लक्ष देते. वयस्कर माणसं 'बरं वाटतंय' म्हणून बीपीची गोळी एक दिवसाआड करतात आणि घरात कुणाला सांगत नाहीत.

चिठ्ठी संपली आणि डॉक्टर गावात नाहीत, अशी वेळ आली तर मी रुग्णाला तसंच परत पाठवत नाही. बीपीची काही औषधं, विशेषतः मेटोप्रोलोलसारखी, एकदम बंद झाली तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतो. फिटच्या गोळ्यांचा तर एक दिवसही चुकवायचा नसतो. अशा वेळी मी स्वतः डॉक्टरांना फोन करते. मार्च 2020 मध्ये दूरवैद्यकाच्या ज्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांनुसार डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊन सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो रुग्णाला मोबाइलवर पाठवू शकतात. पाच मिनिटांचं काम असतं.

झोपेच्या गोळीला मात्र ही वाट लागू नाही. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम यांपैकी असण्याची शक्यता जास्त. ही औषधं शेड्यूल एच1 मध्ये येतात. ही यादी 1 मार्च 2014 पासून लागू झाली. सुरुवातीला तिच्यात 46 औषधं होती: काही वरच्या टप्प्याची अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि सवय लावणारी औषधं. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा असतो. या औषधांसाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या, हे सगळं देतानाच लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. औषध निरीक्षक तपासणीला आले की माझ्याकडे बहुतेक वेळा पहिल्यांदा तेच मागतात. आणि 2020 च्या त्या सूचनांनी अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं फोनवरच्या सल्ल्यातून वगळली आहेत. झोपेची गोळी त्यांतलीच, म्हणून या एका गोळीसाठी आईला प्रत्यक्ष डॉक्टरांकडे न्यावं लागेल.

आणि न्यावंच, असं मी आग्रहाने सांगते. 71 व्या वर्षी रोज झोपेची गोळी म्हणजे रात्री बाथरूमला उठताना तोल जाण्याचा धोका. खुब्याचं हाड मोडून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली माणसं माझ्या गिऱ्हाइकांत आहेत, आणि त्यांतल्या दोघांची रात्रीची गोळी मीच देत होते. त्याशिवाय विसरायला होतं, दिवसा गुंगी राहते, आणि गोळीची सवय लागते. मुलं म्हणतात, वय झालंय, म्हणून विसरते. दोन वर्षांत ही गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनी पुन्हा एकदाही तपासलं नसेल, तर आता तपासायची वेळ झालीच आहे. मात्र रागाने किंवा भीतीने ती आजच्या आज बंदही करू नका. रोज घेतलेली अशी गोळी एकदम तोडली तर झोप उडते, थरथर सुटते, काहींना फिटही येते. ती हळूहळू उतरवायची असते आणि ते डॉक्टरांनीच करायचं असतं.

इथे तुमच्या जुन्या दुकानदाराविषयी माझीही एक तक्रार आहे. त्याने नकार दिला ते बरोबर. पण एवढं सगळं त्याने तुम्हाला सांगितलं का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, नाही. 'चिठ्ठी आणा' म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नकार देताना कारण सांगणं, गोळी एकदम तोडू नका असं बजावणं, डॉक्टरांना एक फोन करणं, हे त्याचंच काम होतं. ते त्याने केलं असतं तर तुम्ही दोन चौक पुढे गेलाच नसता.

आता 'तीच आहे, फक्त कंपनी वेगळी' याबद्दल. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारा भाग हाच आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. नियम 65 मध्येच स्पष्ट अट आहे: शेड्यूल एचच्या औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही द्यायचं नाही, मग त्यात तोच घटक असला तरी. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ब्रँडचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहिलं असेल, तर कुठल्या कंपनीचं द्यायचं हे आम्ही ठरवू शकतो. ब्रँड लिहिला असेल तर बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. दुकानात माल नसतो, स्टॉकिस्टकडेही संपलेला असतो, असं दर आठवड्याला होतं. मी तेव्हा फोन करते, डॉक्टर हो म्हणाले की त्यांच्याकडून तसं लिहून मागवते, आणि रुग्णाला दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवून दाखवते.

यातून जेनेरिक वाईट असा अर्थ काढू नका. जनऔषधी केंद्रातलं औषध घेणारी माझी कितीतरी ओळखीची माणसं आहेत आणि त्यांचं बीपी व्यवस्थित आहे. खर्च कमी करायचा असेल तर डॉक्टरांना मूळ नावाने लिहायला सांगा, तो तुमचा हक्काचा आणि चांगला मार्ग आहे. माझी हरकत आहे ती कुणाला न विचारता बदलण्याला, कारण काउंटरवर 'तीच' म्हटलेली गोळी कधी कधी ती नसते.

एक उदाहरण हातात घेऊन दाखवते. मेटोप्रोलोल हे बीपीचं आणि हृदयाचं नेहमीचं औषध. ते दोन क्षारांत, म्हणजे मूळ औषधाच्या दोन रूपांत, मिळतं: सक्सिनेट आणि टार्ट्रेट. सक्सिनेटची गोळी बहुतेक वेळा सावकाश विरघळणारी, दिवसातून एकदा घ्यायची. टार्ट्रेटची साधी गोळी पटकन विरघळते आणि सहसा दोनदा लागते. दोन्हींवर '50' लिहिलेलं असतं. सावकाश विरघळणारीच्या जागी साधी दिली आणि आई ती रोज सकाळी एकच घेत राहिली, तर पहाटेपर्यंत तिचा परिणाम ओसरलेला असेल. म्हणून स्ट्रिप बदलली की मागच्या बाजूची घटकांची ओळ वाचायची. औषधाचं नाव, त्यामागचा क्षार, मिलिग्रॅमचा आकडा, आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या नावापुढची एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं. या चारांपैकी एकही वेगळं असेल तर ती तीच गोळी नाही. थायरॉइडच्या, फिटच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांच्या बाबतीत तर ही चारही तंतोतंत जुळली तरी डॉक्टरांना कळवल्याशिवाय कंपनी बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे डोसातला थोडासा फरकही रक्ताच्या तपासणीत दिसतो.

सूट आणि बदललेली कंपनी या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध असू शकतो. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांची कमाल किंमत 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे ठरते, आणि त्या हिशेबात किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरलेला असतो. त्यातून दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, फ्रीजचं बिल आणि मुदत संपलेल्या मालाचा तोटा भागवायचा. त्यामुळे प्रत्येक औषधावर 15 टक्के सूट देऊन दुकान चालवणं कठीण आहे. पण काही औषधं दुकानदाराला छापील किमतीपेक्षा फारच कमी भावात पडतात. तशी गोळी चिठ्ठीवरच्या गोळीऐवजी दिली, तर सूट देऊनही जास्त पैसे सुटतात. त्या दुकानात असंच झालं, असं मी म्हणत नाही. मोठी खरेदी करणारा दुकानदार सरळ मार्गानेही सूट देऊ शकतो. सूट मिळाली की मात्र चिठ्ठीवरचंच औषध हातात आहे का, हे पाहायचं. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. आणि स्ट्रिप फोडून चारच गोळ्या दिल्या तर चारच गोळ्यांच्या हिशेबाने पैसे घ्यायचे.

स्ट्रिप फोडण्यावरून आठवलं. कात्री कुठल्या बाजूने चालवतात ते बघा. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख स्ट्रिपच्या एका टोकाला असते. तो भाग शेवटपर्यंत दुकानात राहायला हवा आणि तुम्हाला दिलेल्या गोळ्यांचा बॅच-मुदतीचा तपशील बिलावर यायला हवा. बिलाचा आग्रह मी एवढ्यासाठीच धरते. उद्या एखादी बॅच निकृष्ट निघाली आणि परत मागवली गेली, तर तुमच्याकडच्या गोळ्या त्याच बॅचच्या होत्या का, हे फक्त बिल सांगू शकतं. जास्त खपाच्या 300 ब्रँडांवर 1 ऑगस्ट 2023 नंतर बनलेल्या मालासाठी क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. मोबाइलने तो वाचता येतो आणि कंपनी, बॅच, मुदत सगळं दिसतं. आईच्या गोळ्यांवर असेल तर एकदा वापरून पाहा.

दुकानाने काय करायला हवं या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा माझ्या मते एका माणसात आहे: नोंदणीकृत फार्मासिस्ट. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी द्यायचं नाही. नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून भागत नाही. तो माणूस हजर हवा आणि औषध त्याच्या नजरेखालून गेलं पाहिजे. परवाना भाड्याने घेऊन दुकान दहावी-बारावी झालेल्या पोरांवर सोडून देणं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक रोग आहे. मला त्याची मनापासून चीड आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत फार्मासिस्टने पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, असं आहे. त्याच नियमावलीत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे: औषध कशासाठी, किती, केव्हा, किती दिवस, कसं साठवायचं, डोस चुकला तर काय, कुठला त्रास झाला तर थांबायचं.

याची परीक्षा तुम्हीच घेऊ शकता. दोन्ही दुकानांत जाऊन एकच प्रश्न विचारा: 'आईची ही गोळी सकाळी राहिली तर दुपारी द्यायची का?' उत्तर कोण देतं आणि देताना आईची बाकीची औषधं कोणती, हे उलट विचारतं का, ते बघा. उलट विचारणारं दुकान धरून ठेवा.

फ्रीजकडेही एक नजर टाका. आईला शुगर आहे, पुढेमागे इन्सुलिन लागलं तर हे फार महत्त्वाचं ठरेल. न फोडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. उष्णतेने ते हळूहळू खराब होतं आणि गोठलं तर त्याच क्षणी वाया जातं, म्हणून घरीही फ्रीझरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. एका मे महिन्यात आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती. सकाळी फ्रीजमधल्या कमाल-किमान थर्मामीटरवर 14 चा आकडा होता. आतली इन्सुलिनची एकही कुपी दिसायला वेगळी नव्हती, सगळ्या स्वच्छ, पारदर्शक. मी त्या बाजूला काढल्या, कंपन्यांना कळवलं, आणि विकता येणार नव्हत्या त्यांचा तोटा सोसला. त्या तशाच विकल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. कुणाची तरी शुगर वाढली असती आणि दोष पथ्याला लागला असता. म्हणून फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का आणि दुकानाला बॅटरीचा आधार आहे का, हे बेधडक विचारा. चांगल्या दुकानदाराला या प्रश्नाचा राग येत नाही.

औषधाने अंगावर पुरळ उठलं, पाय सुजले, सतत कोरडा खोकला लागला, असं काही झालं तर तेही दुकानात येऊन सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, आणि लोक महिनोन्‌महिने खोकल्याची औषधं पीत बसतात. अशा त्रासांची नोंद करण्यासाठी देशात औषध सुरक्षा निरीक्षणाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

तर दुकान बदलावं का? मी तुमच्या जागी असते तर जुन्याच दुकानात परत गेले असते, पण गप्प बसून नाही. त्याला म्हटलं असतं, 'तुम्ही चिठ्ठी मागितली ते ठीक, पण का मागितली ते सांगितलं नाहीत.' पाच वर्षांचं नातं आहे, आईची औषधं त्याला पाठ आहेत. त्या माहितीचा उपयोग तो करत नसेल, आईच्या सगळ्या गोळ्यांचा डबा समोर ठेवल्यावरही त्याला पाच मिनिटं नसतील, तर मग खुशाल तिसरं दुकान शोधा. काहीच न विचारणारं दुकान मात्र 71 वर्षांच्या आणि तीन-चार औषधं घेणाऱ्या माणसासाठी मी निवडणार नाही.

या आठवड्यात एवढं करा. आईला डॉक्टरांकडे न्या, झोपेच्या गोळीचं काय करायचं ते विचारा, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी 'दरमहा, सहा महिने' असं लिहून घ्या. सोबत बीपीची जुनी आणि नवी, दोन्ही स्ट्रिप न्या. भेट लांबणीवर असेल तर आजच फोन करून दोन्हींवरची घटकांची ओळ वाचून दाखवा. तोवर बीपीची गोळी बंद ठेवू नका. आणि घरात दोन वेगळ्या रंगांच्या स्ट्रिप आहेत म्हणजे दोन वेगळी औषधं आहेत असं समजून आई दोन्ही घेत नाही ना, हे आज रात्रीच तिला विचारा. माझ्याकडे अशा चुका चिठ्ठीपेक्षा गोळ्यांच्या डब्यातच जास्त सापडल्या आहेत.